कचरा किती दिवस पडून आहे?

पावसाची पहिली झड येऊन गेली की आठ-दहा दिवसांत दवाखान्यातली गर्दी वाढते. जुलाब-उलट्यांनी मलूल झालेली मुले, थंडी वाजून ताप आलेले, अंग ठणकणारे, डोळे लाल झालेले रोगी. नाडी पाहताना बहुतेक जण एक वाक्य हमखास बोलतात, "डॉक्टर, आमच्या कोपऱ्यावर कचऱ्याचा ढीग साचलाय, नगरपालिका काही करीत नाही." तक्रार पुष्कळदा खरी असते. पण सकाळी घंटागाडी येऊन गेल्यावर त्याच कोपऱ्यावर दुपारी खरकट्याची पिशवी भिरकावली जाते, हेही तितकेच खरे असते. म्हणून आज औषधांऐवजी या कोपऱ्याबद्दलच लिहितो.

घाण वासाने रोग होतो अशी एक जुनी समजूत आहे. नाकाला पदर लावला, पावले झपाझप टाकली की सुटलो असे वाटते. वास नकोसा असतो हे खरे, परंतु रोग पसरतात ते कचऱ्यात वाढणाऱ्या जिवांमुळे. यातल्या माशीला आणि डासाला वाढायला ठराविक दिवस लागतात. ते दिवस भरण्याआधी कचरा उचलला गेला तर पुढची साखळी तुटते. म्हणून ढीग केवढा आहे यापेक्षा तो किती दिवस पडून आहे, हा प्रश्न डॉक्टरला महत्त्वाचा वाटतो.

माशीचे दिवस

घरमाशी ओल्या खरकट्यावर किंवा शेणावर एका वेळी सुमारे शंभर अंडी घालते. आपल्याकडच्या उष्ण हवेत साधारण एका दिवसात त्यातून अळी निघते. चार-पाच दिवस ती त्या घाणीतच पोसते, मग आजूबाजूच्या कोरड्या मातीत शिरून कोष करते. आठ-दहा दिवसांत नवी माशी उडू लागते आणि विष्ठेवरून उठून थेट आपल्या उघड्या ताटावर बसते. गॅस्ट्रो, हगवण, विषमज्वर यांचे जंतू तिच्या पायांवरून येतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. आठवड्याने ढीग उचलला, तर अळ्या तोवर मातीत पसार झालेल्या असतात. ओला कचरा रोज, निदान एक दिवसाआड गेलाच पाहिजे.

डासाचे दिवस

डेंग्यूचा डास गटारात नव्हे, तर साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. नारळाची करवंटी, फुटका माठ, गच्चीवरचे जुने टायर, चहाचा टाकलेला कप, एवढी जागा त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सारी भांडी रिकामी करून कोरडी ठेवावीत असे आम्ही सांगतो. नुसते पाणी ओतून देऊ नका, भांडे घासा. याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी आले की त्यातून अळ्या बाहेर पडतात.

दुसरा डास गटारातल्या घाण पाण्यातला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी गटार तुंबले की तो वाढतो. हत्तीरोग पसरवणारा हाच.

उंदराचे काम

खरकटे जिथे, तिथे उंदीर आणि भटकी कुत्री. उंदराच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू पाण्यात व चिखलात येतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाची साथ आली होती. चिखलापाण्यातून चालल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर घरी गोळी घेऊन थांबू नका. वेळेवर औषध मिळाल्यास रोगी बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंड व यकृतावर बेतते.

सुरतने काय केले?

साठी ओलांडलेल्या वाचकांना १९९४ चा सप्टेंबर महिना आठवत असेल. सुरतमध्ये प्लेगची साथ आल्याचे जाहीर झाले आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाले. पुरानंतर न उचललेली घाण आणि उंदीर यांची तेव्हा देशभर चर्चा झाली. पुढल्याच वर्षी, १९९५ मध्ये, एस. आर. राव हे तेथे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी मोठ्या अधिकाऱ्यांना रोज काही तास खुर्ची सोडून रस्त्यावर फिरायला लावले, रस्ते झाडण्याचे व कचरा उचलण्याचे वेळापत्रक पाळायला लावले, घाण करणाऱ्यांकडून दंड घेतला. दोनेक वर्षांतच सुरतची गणना देशातल्या स्वच्छ शहरांत होऊ लागली. माणसे तीच, गल्ल्या त्याच. कचरा वेळेवर हलू लागला, हा फरक.

एवढे मोठे शहर कशाला? आपल्या कोकणातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने घरातूनच वेगळा केलेला कचरा गोळा करायला सुरुवात केली, ओल्यापासून बायोगॅस व खत केले आणि कचरा डेपोच्या जागी लोकांनी पाहायला जावे असे उद्यान उभे केले. लहान गावालाही हे जमते.

पेटवू नका

कोपऱ्यावरचा ढीग पेटवून देणे हा अनेकांना सोपा उपाय वाटतो. त्यातले प्लॅस्टिक आणि रबर जळून जो धूर होतो तो दम्याच्या रोग्याला, तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्यांना लगेच बाधतो. काही विषारी द्रव्ये राखेबरोबर मातीत व पाण्यातही उतरतात. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी आहे.

घरात काय करावे?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांपासून घरातच कचरा वेगळा करणे बंधनकारक झाले आहे. ओल्याचा डबा वेगळा, त्यात भाजीची देठे, साली, उष्टे-खरकटे. त्याला झाकण हवेच. कागद, प्लॅस्टिक, काच, पत्रा हे कोरड्यात. बाळाचे लंगोट-पॅड व सॅनिटरी नॅपकिन कागदात नीट गुंडाळून, वर लाल खूण करून निराळे द्यावेत. अंगण असेल त्यांनी ओला कचरा खड्ड्यात वा जाळीच्या पिंपात टाकून वर माती किंवा पालापाचोळा पसरावा. दोन-तीन महिन्यांत फुलझाडांना खत मिळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. इन्सुलिनच्या सुया, दाढीची पाती, फुटलेल्या काचा कधीही पिशवीत मोकळ्या टाकू नका. माझ्याकडे एक सफाई कामगार बाई बोटाला फडके गुंडाळून आल्या होत्या. कुणाच्या तरी घरच्या पिशवीतली सुई बोटात घुसली होती. जखम साबण-पाण्याने धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि त्यांना लगेच सरकारी रुग्णालयात पाठवले. कारण अशा सुईतून कावीळ-ब आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. बाईंना लागण झाली नाही. पण पुढचे कित्येक महिने दर तपासणीच्या आदल्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. पोरांना जवळ घ्यायची भीती वाटते, असे त्या म्हणाल्या. सुई टाकणाऱ्या घराला यातले काहीही कळले नसणार. जाड प्लॅस्टिकची, झाकणाची बाटली घ्या, सुया तीत ठेवा, भरली की झाकण चिकटवून, तोंडाने सांगून वेगळी द्या.

नगरपालिकेकडे काय मागावे?

रस्ते, गटारे साफ ठेवणे व कचरा उचलणे हे कायद्याने नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. ही मेहेरबानी नव्हे. म्हणून मागावे, पण नेमके मागावे. घंटागाडीची वेळ ठरलेली असावी आणि ती प्रभागात फलकावर लिहिलेली असावी. गटारे पावसाळ्यापूर्वी काढावीत आणि काढलेला गाळ उचलूनही न्यावा. तो कडेला ठेवला तर पहिल्या सरीत पुन्हा गटारातच जातो. धूरफवारणीवर फार भिस्त ठेवू नका. तिने उडणारे डास काही वेळ कमी होतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. सफाई कामगारांना हातमोजे, बूट, धनुर्वात व कावीळ-बची लस मिळते काय, हेही विचारा.

तक्रार नाक्यावर करून उपयोग नाही. जागा, तारीख, किती दिवसांचा कचरा, असे चार ओळींत लिहून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, आवक विभागाचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. एक प्रत स्वच्छता निरीक्षकांना, एक आपल्या नगरसेवकांना. गल्लीतल्या दहा घरांच्या सह्या असल्यास उत्तम. खेड्यातल्या वाचकांनी हाच अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यावा व विषय ग्रामसभेत काढावा.

मात्र अर्जावर सही करण्यापूर्वी आपल्या घरचा डबा एकदा उघडून पाहावा. त्यात ओले-सुके एकत्र असेल, सुई मोकळी असेल, तर आधी तेवढे नीट करावे. उद्या सकाळी घंटा वाजेल तेव्हा घरातले कोणीतरी डबा घेऊन दारात उभे असावे. तान्ह्या मुलाच्या जुलाबावर मी सलाईन लावू शकतो, पण तुमच्या दारातला डबा मला उचलता येत नाही.