सायकल जागेवर, हिशेब मनगटावर

वर्ध्यातल्या जिममध्ये सायकलवरून उतरणाऱ्याची नजर घामाआधी मनगटाकडे जाते. अर्धा तास पायांनी दम काढलेला असतो, पण बँडवरचा पावलांचा आकडा जवळपास जागचा हललेला नसतो.

यात बँडचा दोष नाही. त्याच्या पोटातलं ॲक्सिलरोमीटर पावलं ओळखतं ते हाताच्या झोक्यावरून, आणि सायकलवर हात हँडलला चिकटलेला असतो. जीपीएसचाही उपयोग नाही, कारण माणूस भिंतीपासून वीतभरही सरकत नाही. काही हुशार मंडळी बँड पायमोज्यात खोचतात. पावलं वाढतात खरी, पण मग नाडी नीट मिळत नाही.

चालण्याच्या हिशेबाला या जिल्ह्यात मोठा दाखला आहे. १९३६ मध्ये सेवाग्रामला (तेव्हाचं शेगाव) राहायला आलेले गांधीजी रोज सरासरी १८ किलोमीटर चालत, अशी नोंद आयसीएमआरने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या आरोग्यावरच्या विशेषांकात आहे. त्यातही १९१३ ते १९४८ या काळातल्या चळवळींच्या निमित्ताने झालेली चाल सुमारे ७९,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जवळपास दोन प्रदक्षिणा! कमरेला लटकणारं त्यांचं घड्याळ फक्त वेळ दाखवी. आजच्या बँडने ती रपेट बऱ्यापैकी टिपली असती. चरख्यापुढे बसल्यावर मात्र त्याची पंचाईत झाली असती. तिथे हिशेब सुताच्या गुंड्यांत होई, आणि तो जास्त सरळ होता.

सायकलवर बँडची सगळी भिस्त नाडीवर असते. सायकल संपवून बँड सोडला की त्याच्या खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश घटतो, आणि हा चढउतार सेन्सर मोजतो. हँडल घट्ट आवळलं, मनगट दुमडलं किंवा पट्टा सैल राहिला की आकडा भरकटतो. डंबेल्स उचलताना तर हमखास. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत थेट पकडतो, म्हणून त्याच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात उपकरणं ६० जणांच्या मनगटावर बांधून तपासली. सातपैकी सहा उपकरणांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती, आणि सर्वांत कमी चूक सायकलिंगमध्येच निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यांचं पितळ उघडं पडलं: सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्के. नाडी मोजलेली असते. कॅलरी म्हणजे वय, वजन, लिंग आणि नाडी यांवरून बांधलेला अंदाज.

सायकलचा स्वतःचा डिस्प्लेही साधुसंत नव्हे. साध्या सायकलींत चाकावरचं चुंबक सेन्सरसमोरून किती वेळा गेलं एवढंच मोजलं जातं, आणि त्यावरून किलोमीटर ठरतात. लोड वाढवायची गोल कळ पिळली, मांड्या पेटल्या, तरी डिस्प्लेला पत्ता नसतो. फेऱ्या तेवढ्याच तर अंतर तेवढंच. तो भार कळतो बँडला, तोही नाडी चढल्यावर. पायाने किती शक्ती लावली ते वॅटमध्ये खरोखर मोजणाऱ्या सायकली महाग असतात.

बँडवर ‘इनडोअर सायकलिंग’ निवडावं, पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घट्ट बांधावा आणि पावलांचा नाद सोडावा. एवढं करूनही वर्ध्याचा मे महिना उरतोच. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना शरीर गार ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडे जास्त रक्त ढकलावं लागतं. त्याच लोडवर, त्याच वेगाने डिसेंबरात चालवलेल्या सायकलपेक्षा नाडी वर जाते, आणि बँड ती वाढ मेहनतीच्या खात्यात जमा करतो. कूलरसमोरच्या सायकलवर बसणाऱ्याच्या कॅलरी मग शेजाऱ्यापेक्षा कमी भरतात, काम तेवढंच करून.