कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

संगणक वेगवान असणे आणि तो वेगवान वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो. समोर बसलेल्या माणसाला मात्र कळ दाबल्यापासून पडद्यावर काही हलेपर्यंतचा काळ तेवढा जाणवतो. तो सेकंदाच्या दहाव्या भागाइतका असेल, तर यंत्र हाताबरोबर चालते. एका सेकंदापुढे गेला की विचारांची लय मोडू लागते. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच अशा मर्यादा मांडल्या होत्या.

हा काळ अनेक टप्प्यांत खर्च होतो. कळफलकाचा इशारा ऑपरेटिंग सिस्टिमकडे, तिच्याकडून प्रोग्रॅमकडे आणि तिथून पडद्याकडे जातो. पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळा, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी ताजा होतो. एक फेरी हुकली की पुढचीची वाट पाहावी लागते. मॅक ओएस एक्सने २००१ मध्ये आणि विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये प्रत्येक खिडकी आधी स्वतंत्र रंगवून मग एकत्र जुळवण्याची पद्धत रुजवली. पडदा देखणा झाला, पण वाटेत एक टप्पा वाढला. डॅन लू या प्रोग्रॅमरने २०१७ मध्ये केलेल्या मोजणीत १९८३च्या ॲपल टू-ई संगणकावर अक्षर सुमारे ३० मिलिसेकंदांत उमटले. कितीतरी नव्या यंत्रांना १०० हून अधिक लागले.

काही उशीर तर मुद्दाम ठेवलेला असतो. विंडोजमधला उपमेनू उघडण्याआधी ४०० मिलिसेकंद थांबतो, म्हणजे माउस वाटेत घसरला तर नको ते उघडू नये. सरकत येणाऱ्या खिडक्यांची सजावटही वेळ खाते. उलट, २०१२च्या अँड्रॉइड ४.१ने बोट लागताच प्रोसेसरचा वेग वाढवला, चित्रे पडद्याच्या ठेक्याला जुळवली आणि तोच फोन चपळ वाटू लागला.

मराठीची अडचण निराळी आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी क नंतर टाइप होते आणि उमटते मात्र त्याच्या आधी. जोडाक्षरात तर आधीचे अक्षरच रूप बदलते. डॉसच्या काळात इंग्रजीसाठी घडलेल्या संगणकांना हे झेपत नव्हते, म्हणून आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान वेगळ्या कार्डाच्या रूपाने यंत्रात बसवले जाई. आपल्या लिपीसाठी झालेले ते मोलाचे काम होते. आता ही जुळणी प्रोग्रॅम क्षणार्धात करतो. तरीही टायपिंग अडखळत असेल, तर रोमन अक्षरांवरून मराठी शब्द सुचवणारी सोय तपासावी. तिला दर शब्दाला पर्याय शोधावे लागतात. इनस्क्रिप्ट कळफलकात कळ थेट अक्षर देते.

जव्हार-मोखाड्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात सातबारा काढताना नेटवर्कचा भाग यात मिसळतो. जव्हारजवळच्या शिरपामाळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर. फायबरमधून इतके जाऊन येण्यास प्रकाशाला साधारण एक मिलिसेकंद पुरतो. जोडणी ३६,००० किलोमीटर उंचावरच्या भूस्थिर उपग्रहातून असेल, तर प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातोच. तो टाळता येत नाही. मात्र प्रोग्रॅमने तेवढ्यात पडदा गोठवला, तर दोष रचनेचा. बटण दाबले गेले हे लगेच दिसले नाही, की माणूस पुन्हा दाबतो आणि अर्ज दोनदा जाण्याची वेळ येते.

जुन्या यंत्रात आणखी एक अडसर असतो. मेमरी भरली की सिस्टिम हार्ड डिस्ककडे धावते. तिथला तुकडा सापडायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग. म्हणून संगणक बदलण्याआधी नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहून पाहाव्यात. अक्षरे तिथेही मागे राहिली, तर कारण यंत्रात किंवा कळफलकाच्या सोयीत आहे. फक्त संकेतस्थळावर खोळंबा होत असेल, तर तो बहुधा नेटवर्कमध्ये किंवा पलीकडच्या सर्व्हरवर शोधावा.