उपग्रहीय निरीक्षण आणि कार्बन डायॉक्साइडच्या उत्सर्जनाचे अनुमान

कोणत्या देशाने वा शहराने वातावरणात किती कार्बन डायॉक्साइड सोडला हे आता उपग्रहांच्या साहाय्याने मोजले जाते, असे विधान वारंवार वाचावयास मिळते. ह्या विधानातील ‘मोजणे’ हे क्रियापद तपासून घेतले पाहिजे. उपग्रह उत्सर्जन मोजत नाही. तो प्रकाश मोजतो. प्रकाशावरून हवेतील वायूचे प्रमाण आणि त्या प्रमाणावरून उत्सर्जन, अशा दोन पायऱ्या चढून आपण आकड्यापर्यंत पोहोचतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे प्रत्यक्ष थोडे व अनुमान फार आहे. हे अनुमान कोठे दृढ असते आणि कोठे दुर्बळ, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम पहिली पायरी पाहू. भूपृष्ठावरून परावर्तित होऊन अवकाशात जाणाऱ्या सूर्यप्रकाशातील काही विशिष्ट अवरक्त किरण, मुख्यतः १.६१ व २.०६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे, कार्बन डायॉक्साइड शोषून घेतो. ०.७६ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण ऑक्सिजन शोषतो. ऑक्सिजनचे हवेतील प्रमाण जवळजवळ स्थिर व ज्ञात असल्यामुळे दोहोंच्या शोषणाची तुलना करून भूपृष्ठापासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभातील कार्बन डायॉक्साइडचे सरासरी प्रमाण काढता येते. जपानचा ‘इबुकी’ (२००९) आणि अमेरिकेचा ‘ओसीओ-२’ (२०१४) हे उपग्रह ह्याच तत्त्वावर उभारलेले आहेत. ओसीओ-२ च्या एका निरीक्षणात सुमारे तीन चौरस किलोमीटर भूभाग सामावतो. पण त्याच्या दृष्टिपथाची रुंदी अवघी दहा किलोमीटर असल्याने दोन मार्गांमधील विस्तीर्ण प्रदेश अनिरीक्षित राहतो. शिवाय आकाश निरभ्र नसेल तर निरीक्षण उपयोगी पडत नाही.

दुसरी पायरी अधिक बिकट आहे. संपूर्ण पृथ्वीचा विचार केला तर हिशेब त्या मानाने सरळ आहे. वातावरणातील प्रमाण दशलक्ष भागांत एका भागाने वाढले, म्हणजे वातावरणात सुमारे ७८० कोटी टन कार्बन डायॉक्साइडची भर पडली. मौना लोआ येथे १९५८ साली चार्ल्स कीलिंग ह्यांनी मापनास आरंभ केला तेव्हा हे प्रमाण सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले होते. जीवाश्म इंधनांच्या वापरातून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन वायू बाहेर पडतो. मानवी उत्सर्जनाचा जवळजवळ निम्मा भाग वातावरणात साठतो व उरलेला समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. तथापि ही जागतिक बेरीज भूस्थित केंद्रांवरूनही उत्तम प्रकारे कळते. उपग्रहाची खरी उपयुक्तता ह्या बेरजेची प्रदेशवार वाटणी करण्यात आहे.

एकाच मोठ्या विद्युत्केंद्राचा प्रश्न असेल तर पद्धत अशी: केंद्राच्या वाऱ्याकडील बाजूच्या हवेशी तुलना करून लोटातील जादा वायू काढावयाचा व त्यास वाऱ्याच्या वेगाने गुणावयाचे. साहजिकच वाऱ्याच्या वेगात वीस टक्के चूक झाली, की उत्सर्जनाच्या आकड्यातही तेवढीच होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील निवडक कोळसा-विद्युत्केंद्रांचे असे अनुमान नोंदविलेल्या दैनिक आकड्यांशी १ ते १७ टक्क्यांच्या अंतराने जुळले. मध्य प्रदेशातील सासन येथील केंद्राचाही त्यात समावेश होता.

खंड वा देश ह्यांच्याबाबत उलट गणित मांडावे लागते. प्रथम उत्सर्जनाचे एक पूर्वकल्पित चित्र घेतात. वायुवहनाच्या प्रतिमानाद्वारे त्यावरून हवेतील प्रमाण काढतात. आणि निरीक्षणाशी ते जुळेपर्यंत मूळ चित्रात दुरुस्ती करतात. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जेथे निरीक्षणे विपुल, तेथे अंतिम आकडा निरीक्षणांचा असतो. जेथे ती विरळ, तेथे तो बव्हंशी पूर्वकल्पनेचाच राहतो.

पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याचे नैयायिकांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. ते अनुमान टिकते, कारण अग्नीवाचून धूर नाही. कार्बन डायॉक्साइडची गोष्ट तशी नाही. ज्वलनाप्रमाणेच वनस्पतींच्या श्वसनातून व मातीतील जीवाणूंपासूनही तो निघतो. म्हणजे ज्वलनाचा हेतू म्हणून तो सव्यभिचार ठरतो. ह्यावर उपाय म्हणून नायट्रोजन डायॉक्साइड ह्या वायूची जोड दिली जाते. तो मुख्यतः ज्वलनातून उत्पन्न होतो व काही तासांतच नाहीसा होतो. त्यामुळे ज्वलनाचा ताजा लोट कोठे आहे हे तो दाखवितो.

ह्या सर्व अडचणी मुंबईच्या उदाहरणात एकत्र दिसतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इबुकीच्या निरीक्षणांवरून मुंबईवरील स्तंभसरासरी परिसराच्या तुलनेत २.४ भागांनी अधिक आढळली. परंतु त्या आकड्यातील अनिश्चितता १.२ भागांची, म्हणजे निम्मी होती. शहराचे अस्तित्व अवकाशातून निःसंशय दिसले, त्याच्या उत्सर्जनाचा चोख हिशेब मात्र दिसला नाही. शिवाय पावसाळ्याचे चार महिने पश्चिम भारतावर ढगांचे आच्छादन असते. ज्या काळात आपली राने हिरवी होऊन वायू शोषू लागतात, नेमक्या त्याच काळात उपग्रहाची दृष्टी झाकलेली असते.

ह्या प्रश्नाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. २०१५ च्या पॅरिस करारानुसार राष्ट्रे आपापल्या उत्सर्जनाचा अहवाल देतात. जाळलेल्या इंधनाच्या हिशेबावर आधारलेल्या त्या अहवालांची स्वतंत्र पडताळणी उपग्रहांमुळे शक्य होऊ लागली आहे, आणि ती इष्टच आहे. परंतु मेघाच्छादित उष्ण कटिबंधातील एखाद्या देशाचा पूर्वकल्पनेतून आलेला आकडा जर ‘मोजलेला’ म्हणून त्याच्यापुढे ठेवला गेला, तर पडताळणीच्या नावाखाली अन्याय होईल. उलटपक्षी, अनिश्चिततेकडे बोट दाखवून सुस्पष्ट निरीक्षणेही नाकारण्याची सोय कोणास मिळता कामा नये.

ऐतिहासिक भाषाशास्त्रात पुनर्रचित रूपापूर्वी आपण तारका लावतो. त्यामुळे ते रूप त्याज्य ठरत नाही. ते लेखी पुराव्यात आढळलेले नाही, तर्काने सिद्ध केलेले आहे, एवढेच वाचकास कळते. उपग्रहांवरून काढलेल्या उत्सर्जनाच्या प्रत्येक आकड्याबरोबरही निरीक्षणांची संख्या, गृहीत धरलेले पूर्वकल्पित मूल्य आणि अनिश्चिततेची मर्यादा ह्या तीन गोष्टी दिल्या जाव्यात, आणि अभ्यासकाने त्या पाहिल्यावाचून आकडा उद्धृत करू नये.