कण्हेरीचं औषध घरी करू नका

नगर-पुणे रस्त्याच्या दुभाजकात भर उन्हाळ्यातही कण्हेर फुललेली असते. पारनेर, कर्जत, जामखेडसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत कुंपणालाही तीच सोयीची, कारण पाणी बेताचं लागतं आणि जनावर तोंड लावत नाही, असं सगळेच सांगतात.

हे सांगणं अर्धंच खरं. हिरवा पाला कडू, म्हणून जनावर टाळतं. पण छाटलेला पाला वाळून वैरणीत मिसळला, की तो पोटात जातो आणि वाळल्याने विष उतरत नाही. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत, जाळूही नयेत; धूरही बाधतो.

‘विष फक्त पिवळीच्या बीत’ हा दुसरा समज. लाल-पांढऱ्या कण्हेरीची पानं एकेका पेरावर तीन-तीन येतात. पिवळी म्हणजे बिट्टी, तिचं फळ हिरवं, कोनेदार आणि आत टणक बी. झाडं वेगळी, कूळ एकच. दोन्हींच्या मुळापासून फुलापर्यंत हृदयाची लय बिघडवणारी द्रव्यं असतात. उकळूनही ती जात नाहीत.

सगळ्यात घातक समज मात्र ‘आयुर्वेदात आहे, म्हणजे चालतं’ हा. आयुर्वेदात कण्हेर ‘करवीर’ या नावाने आहे, पण उपविषांच्या यादीत. गाईच्या दुधात शोधन (शुद्धी) केल्याशिवाय पोटात द्यायचं नाही, असा तिथला दंडक आहे. करवीर घातलेल्या पोटात घ्यायच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणं 1945च्या औषध नियमांनी बंधनकारक आहे. विंचू चावला म्हणून मूळ उगाळून पाजणं किंवा मूळव्याधीवर काढा देणं यात ना शोधन, ना मात्रेचा हिशेब. साप चावल्यावर तर मुळाचा लेप लावण्यात जाणारा वेळच जीव घेतो. कोरोनाच्या काळात कण्हेरीतलं ओलिअँड्रिन औषध म्हणून पुढे आलं, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट 2020मध्ये ते पूरक आहारात वापरायला नकार दिला.

पण म्हणून दिसेल ती कण्हेर उपटायची गरज नाही. वास घेतल्याने कुणी दगावत नाही. देवाला फूल जरूर वाहा, फक्त नैवेद्यात पडू देऊ नका. केरळमधल्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने मे 2024मध्ये नैवेद्य-प्रसादात कण्हेर बंदच केली.

कुणी पान-बी खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. त्रास दिसायची वाट न पाहता 108ला फोन करा आणि झाडाची एक फांदी पिशवीत घालून सोबत न्या. नाडी मंद किंवा अनियमित होणं हे धोक्याचं लक्षण, त्यामुळे डॉक्टर ईसीजी काढून रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात. उलट्या थांबल्या म्हणून पेशंटला घरी आणण्याची घाई करू नका.