मूळ संहितेचे शुद्धिपत्र

संगणकाची कार्यप्रणाली ज्या मजकुरातून घडते, तो मजकूर म्हणजे सोर्स कोड. त्यात सतत सुधारणा होतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सुरू केल्यानंतर काही वर्षे घरगुती जोडणी दूरध्वनीच्या तारेवरूनच होई. ठाण्यातील खोपटसारख्या वस्तीत २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर २० मेगाबाइटचा संग्रह उतरवण्यास किमान दीड तास लागे. तोवर फोन अडकून राही व बिल वाढे.

यावर उपाय शुद्धिपत्राचा. चार चुकांसाठी प्रकाशक ग्रंथ पुन्हा छापत नाही. पृष्ठ व ओळ सांगून बदल कळवतो. लॅरी वॉल यांची ‘पॅच’ (१९८५) ही आज्ञावली अशी यादी वाचून जुन्या प्रतीत बदल करते. ५०० किलोबाइटची यादी त्याच मोडेमवर अडीच मिनिटांत उतरे. ‘फ्रीबीएसडी’ कार्यप्रणालीच्या ‘सीटीएम’ पद्धतीत क्रमांकित बदल ई-मेलनेही येत. मात्र ते क्रमानेच लावावे लागत. कारण शुद्धिपत्र विशिष्ट आवृत्तीचेच असते.

थोडक्यात, संपूर्ण मजकुराऐवजी केवळ फरक पाठवणे, हे या पद्धतीचे तत्त्व होय.

स्वाध्याय : पाठभेदांची नोंद आणि ‘पॅच’ यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.