‘शॉक’ : मारिओ बावाच्या शेवटच्या चित्रपटातील हातचलाखी

इटालियन भयपटांचा विषय निघाला की मारिओ बावा (१९१४-१९८०) हे नाव बहुधा ‘ब्लॅक संडे’ (१९६०) या चित्रपटाच्या आधाराने घेतले जाते. धुके, पडका किल्ला, आतून खिळे असलेला मुखवटा आणि बार्बरा स्टीलचे डोळे. त्यापाठोपाठ ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ (१९६४) मधील लाल, हिरव्या, जांभळ्या प्रकाशाची आठवण निघते. या यादीत १९७७ चा ‘शॉक’ सहसा नसतो. असलाच तर उतारवयातली किरकोळ कृती म्हणून. हा शेरा मला अर्धाच पटतो. चित्रपटशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. एकच प्रसंग थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहणे एवढीच माझी अभ्यासपद्धती. त्या पद्धतीने ‘शॉक’कडे पाहिल्यावर जे हाती लागले, ते येथे मांडतो.

आधी परिस्थिती. १९७३ साली बावाने ‘लिसा अँड द डेव्हिल’ मनासारखा केला, पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. ‘एक्झॉर्सिस्ट’ची लाट आली होती. निर्मात्याने भूत उतरवण्याचे नवे प्रसंग घुसडून तोच चित्रपट ‘द हाउस ऑफ एक्झॉर्सिझम’ या नावाने बाजारात आणला. पुढचा ‘रॅबिड डॉग्ज’ (१९७४) जवळपास पूर्ण झाला असताना पैसा पुरवणाऱ्याचे दिवाळे निघाले आणि चित्रपट अडकून पडला. तो प्रेक्षकांसमोर आला १९९०च्या दशकात, बावाच्या मृत्यूनंतर. साठी ओलांडलेल्या माणसाची दोन कामे लागोपाठ अशी हातची गेली. त्याला पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे करण्यात मुलगा लाम्बेर्तोचा वाटा मोठा होता. ‘शॉक’च्या पटकथालेखकांत लाम्बेर्तो आहे, तो सहायक दिग्दर्शकही होता आणि काही भाग त्यानेच चित्रित केला.

कथा एका घराची आहे. तिचा शेवट सांगितल्याशिवाय पुढचे मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांना चित्रपट कोरा पाहायचा आहे त्यांनी येथे थांबावे. डोरा (दारिया निकोलोदी) दुसरा नवरा ब्रुनो आणि पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा मार्को यांच्यासह जुन्या घरी राहायला येते. पहिला नवरा कार्लो अमली पदार्थांच्या आहारी गेलेला होता. तो समुद्रात जीव देऊन मेला, असे सर्वांना ठाऊक आहे. ब्रुनो वैमानिक असल्याने वरचेवर बाहेर, आणि घरात मार्को हळूहळू बदलत जातो. आईकडे तो मुलाच्या नजरेने पाहीनासा होतो. शेवटी उलगडते ते असे : कार्लोला डोरानेच मारले होते, आणि ब्रुनोने प्रेत तळघराच्या भिंतीत चिणून टाकले होते.

या घरात किल्ल्याचा थाट नाही. भिंती साध्या, उजेड रोजचा. भीती दाखवायची ती कशातून? सोफा, पियानो, कपाट, झोपाळा, कागद कापायचे पाते. वस्तू जागच्या जागी असतात, फक्त किंचित सरकतात. नारायण धारप वाचलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही.

आता तो प्रसंग. शेवटाकडे जाताना मार्को दूरवरून आईकडे धावत येतो. जवळ येता येता तो क्षणभर चौकटीच्या खालच्या कडेखाली जातो, आणि त्याच जागी वर उसळतो तो मेलेला कार्लो. मध्ये कट नाही, प्रयोगशाळेत केलेली करामत नाही. मोठा नट कॅमेऱ्याच्या दृष्टीखाली दबा धरून बसलेला आणि मुलाने योग्य क्षणी खाली वाकायचे, इतकेच. फसतो तो आपला डोळा. धावत जवळ येणारी आकृती पडद्यावर मोठी होतच असते. ती वाढ डोळ्याने गृहीत धरलेली असते. त्या वाढीच्या ओघात मुलाच्या जागी माणूस आला, तर डोळा ती एकच हालचाल समजतो. समजूत दुरुस्त होईपर्यंत किंकाळी निघालेली असते. पुढे ‘अ‍ॅनाबेल’ (२०१४) मध्ये दाराकडे धावणारी मुलगी दारातून येताना मोठी बाई होते, तेव्हा जाणकारांना ‘शॉक’ आठवला तो यामुळेच.

बावाने असे रूपांतर पूर्वीही केले होते. रिकार्दो फ्रेडाच्या ‘इ व्हाम्पिरी’ (१९५७) मध्ये तो छायाचित्रणकार असताना एक तरुण स्त्री कॅमेऱ्यासमोर न थांबता म्हातारी होते. चित्रपट कृष्णधवल. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या रंगीत, त्यामुळे त्याच रंगाच्या प्रकाशात त्या दिसत नाहीत. प्रकाशाचा रंग बदलला की काळ्या होऊन उमटतात. वडील युजेनिओ हे स्वतः छायाचित्रणकार आणि शिल्पकार. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बावाची ही घरची विद्या. जे दाखवायचे ते कॅमेऱ्यापुढेच घडवायचे.

पण १९५७ आणि १९७७ च्या युक्त्यांत एक फरक आहे आणि माझा मुद्दा तोच आहे. पहिली युक्ती थक्क करते. दुसरी युक्ती कथेचा अर्थ सांगते. डोराला मुलाच्या अंगात बाप दिसतो. ज्याला मिठीत घ्यायचे आणि ज्याला आपण मारले, ते दोघे तिच्या दृष्टीने एकाच वाटेने, एकाच वेगाने चालून येत आहेत. हे सांगायला पानभर संवाद लागले असते. बावाने ते एका उडीत सांगितले.

चित्रपटाचे दोष मी झाकत नाही. मधला भाग रेंगाळतो. ब्रुनोचे पात्र पातळ आहे. हे भूत आहे की डोराच्या अपराधाची बोचणी, हा प्रश्न बराच काळ सुंदर अधांतरी ठेवून अखेरीस चित्रपट भुताकडे झुकतो. अमेरिकेत तर तो ‘बियाँड द डोअर’ या दुसऱ्याच चित्रपटाचा दुसरा भाग म्हणून विकला गेला. दोन्हींत एकच बालकलाकार होता, हाच काय तो संबंध.

यानंतर बावाने लाम्बेर्तोसह दूरचित्रवाणीसाठी मेरिमेच्या कथेवरून ‘ला व्हेनेरे दिल’ केला आणि अर्जेंतोच्या ‘इन्फर्नो’ (१९८०) साठी काही करामती रचून दिल्या. चित्रपटगृहासाठीचे त्याचे अखेरचे दिग्दर्शन मात्र ‘शॉक’च. १९८० च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्याच महिन्यात लाम्बेर्तोचा स्वतंत्र दिग्दर्शनाचा पहिला चित्रपट ‘माकाब्रो’ प्रदर्शित झाला होता.

मुलाच्या जागी बाप उभा राहतो अशी भयकथा एका बापाने आपल्या मुलाला हाताशी घेऊन केली. त्यामागे हेतू होता असे मी म्हणणार नाही. मात्र पैसा, रंग, धुके, किल्ला हे सारे काढून घेतल्यावर कारागिराकडे काय उरते, ते पाहायचे असेल तर ‘ब्लॅक संडे’ पुरेसा नाही. त्यासाठी ‘शॉक’च पाहावा लागतो.