क्रियापद ओळखावें कसें?

इंग्रजी व्याकरणाचा पहिला धडा गिरविणाऱ्या मुलाला 'व्हर्ब' म्हणजे क्रियापद आणि क्रियापद म्हणजे क्रिया दाखविणारा शब्द, असें सांगितलें जातें. 'रन', 'ईट', 'राइट' या शब्दांपाशीं ही व्याख्या बिनबोभाट चालते. परंतु 'नो', 'ओन', 'बिलाँग' हे शब्द पुढें आले कीं ती अडखळते. ठाऊक असणें, मालकीचें असणें यांत कोणीं काय केलें? वस्तुतः तेथें क्रिया नाहीं, स्थिति आहे. क्रियावाचक आणि स्थितिवाचक क्रियापदांतील हा भेद केवळ व्याख्येपुरता नाहीं. इंग्रजी वाक्याची घडणच पुष्कळदां त्यावर अवलंबून असते.

हा विचार आपल्याकडे अपरिचित नाहीं. यास्काच्या निरुक्तांत भावाचे सहा विकार सांगितले आहेत: जन्मणें, असणें, पालटणें, वाढणें, क्षीण होणें आणि नष्ट होणें. यांपैकीं पांचांत कांहीं तरी घडतें. 'असणें' तेवढें वेगळें पडतें. पाश्चात्य तत्त्वचिंतक झेनो वेंडलर यानें १९५७ सालीं कालाच्या दृष्टीनें क्रियापदांचे चार वर्ग पाडले, त्यांतहि एक वर्ग स्थितीसाठीं राखून ठेवला आहे.

मग क्रियावाचक क्रियापद ओळखावें कसें? हालचाल ही त्याची खरी खूण नव्हे. गाढ झोपलेल्या माणसाचे हात-पाय हलत नाहींत, तरी 'ही इज स्लीपिंग' हें निर्दोष इंग्रजी आहे. कर्त्याची इच्छा हीहि खूण नव्हे. 'इट इज रेनिंग' या वाक्यांत इच्छा करणारा कोणीच नाहीं. ती गोष्ट काळांत घडत असलेली म्हणून सांगतां येते कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

त्यासाठीं दोन कसोट्या उपयोगी पडतात. 'व्हॉट इज ही डूइंग?' या प्रश्नाला 'ही इज रीडिंग' हें उत्तर शोभतें. 'ही इज ओनिंग अ हाउस' हें शोभत नाहीं. दुसरी कसोटी साध्या वर्तमानकाळाची. 'शी सिंग्ज' म्हणजे गाण्याचा तिचा परिपाठ आहे. या क्षणीं ती गात असेलच असें नाहीं. 'शी नोज' म्हणजे मात्र तिला आतां, या क्षणीं ठाऊक आहे. चालू क्षण सांगण्यासाठीं क्रियावाचक क्रियापदाला बहुधा 'इंग' लागतें, स्थितिवाचकाला लागत नाहीं.

मराठी माणसाची अडचण येथेंच होते. 'तो लिहीत आहे' आणि 'त्याला ठाऊक आहे' या दोन्ही वाक्यांत 'आहे' येतें, आणि त्या 'आहे'च्या मागोमाग 'आय ॲम नोइंग' असें तोंडून निघून जातें. उलट 'तो खुर्चीवर बसला आहे' असें म्हणतांना मराठी भाषा बसण्याची क्रिया पुरी झाली असें मानते. इंग्रजी 'ही इज सिटिंग' म्हणून ती चालू ठेवते. शब्दास शब्द ठेवणारा दोन्ही ठिकाणीं फसतो. नोकरीच्या अर्जांत 'आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्स्पीरिअन्स' असें लिहिणाऱ्याचा अनुभव खरा असतो. परंतु वाचणाऱ्याची दृष्टि त्या अनुभवाआधीं चुकीवर पडते. मुंबईचे इंग्रजी कवि निसीम इझिकेल यांनीं भारतीय इंग्रजींतील ही लकब आपल्या कांहीं कवितांत मुद्दाम योजिली आहे, इतकी ती परिचयाची आहे.

तथापि क्रियापदांच्या याद्या पाठ करून भागत नाहीं. एकच शब्द दोन्ही घरीं नांदतो. आमटी खारट लागते तेव्हां 'टेस्ट्स' ही स्थिति. आई पळींत थोडी आमटी घेऊन चव पाहते तेव्हां 'शी इज टेस्टिंग' ही क्रिया. 'हॅव' मालकी दाखवितें तेव्हां त्याला 'इंग' नको. 'दे आर हॅविंग डिनर' या वाक्यांत तें जेवण्याच्या अर्थानें येतें, म्हणून तेथें 'इंग' योग्यच. 'थिंक' मत सांगतें तेव्हां स्थिति, विचार चालू असतो तेव्हां क्रिया.

'बी' या क्रियापदांत तर हा भेद माणसाच्या नांवलौकिकापर्यंत पोहोंचतो. शिक्षकानें पालकांना 'द बॉय इज लेझी' असें कळविलें, तर मुलगा स्वभावानेंच आळशी ठरतो. 'द बॉय इज बीइंग लेझी' असें कळविलें, तर आळस हें त्याचें सध्यांचें वर्तन ठरतें, आणि वर्तन उद्यां सुधारूं शकतें. लिहिणाऱ्यानें आणि वाचणाऱ्यानें हा फरक ओळखला नाहीं, तर एका शब्दापायीं मुलावर अन्याय व्हावयाचा. म्हणून क्रियापद शोधतांना नुसत्या शब्दाकडे पाहूं नये. त्या वाक्यांत कांहीं घडत आहे कीं नुसतें आहे, हें आधीं विचारावें.